नफा कंपनीचा, राख सरकारची!

नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही भंगाराच्या दुकानात घटकाभर उभे राहा. शेतातली जळालेली मोटार घेऊन एखादा माणूस येतो. दुकानदार ती उचलून बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, वायंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे? मग त्याचा मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. मोटार फोडायला पोरगा किती वेळ घालवणार, त्याची मजुरी किती, आतून तांबे किती निघणार आणि आज तांब्याचा भाव काय. जमत असेल तर मोटार फोडायची. नसेल तर आहे तशी लोखंडाच्या भावात पुढे ढकलायची. कचरा वेचून संसार चालवणाऱ्या आमच्या मायबहिणींना हा हिशेब कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेला नाही, तरी तो तोंडपाठ आहे.

भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याला नेमका हाच हिशेब विचारायची वेळ आता आली आहे. अणुभट्टीत वापरून झालेले इंधन फोडून त्यातले प्लुटोनियम काढायचे, की ते इंधन आहे तसे नीट बंद करून ठेवायचे आणि पुढे खोल जमिनीत पुरायचे? यापैकी स्वस्त काय आणि महाग काय? आणि जे महाग आहे त्याचे पैसे कोण देते?

आमचे काही कार्यकर्ते म्हणतील, हा आपला विषय आहे का? मराठवाड्यात अणुभट्टी नाही. इथे प्रश्न गायरानाचा आहे, शिष्यवृत्तीचा आहे, अत्याचाराच्या खटल्यांचा आहे. आम्हाला हे मान्य आहे. परंतु ज्या समाजाने स्वतःला फक्त अन्यायाच्या बातम्यांपुरते मर्यादित करून घेतले, त्याच्या वाट्याला अर्थसंकल्पाच्या चर्चेत श्रोत्याची जागा येते. बाबासाहेबांनी ती जागा कधीच पत्करली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खाते सांभाळत होते आणि विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणावरील समितीसमोर बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, असा आग्रह धरला. उद्योगीकरणाशिवाय या देशातील गरिबाची सुटका नाही आणि स्वस्त विजेशिवाय उद्योगीकरण नाही, अशी त्यांची मांडणी होती. तेव्हा विजेच्या एका युनिटमागे काय काय दडलेले आहे, हे विचारणे आमच्यासाठी परके नाही.

शिवाय अणुऊर्जा खाते आता तितकेसे दूरही राहिलेले नाही. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्राने तिला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि हे काम अणुऊर्जा खात्याकडेच आहे. (तिथे अणुइंधन नाही, किरणोत्सर्ग नाही. गैरसमज नको म्हणून हे सांगून ठेवतो. आमची पोरे तिथे शास्त्रज्ञ म्हणून गेली पाहिजेत.)

आता मूळ मुद्दा. भारतातल्या बहुतेक अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. या युरेनियमात प्रत्यक्ष जळणारा भाग एक टक्काही नसतो, ०.७ टक्के असतो. भट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनात ९८ टक्क्यांहून अधिक युरेनियम तसेच शिल्लक असते, एक टक्क्याहून कमी अतिशय किरणोत्सर्गी राख असते आणि साधारण ०.३५ ते ०.४ टक्के प्लुटोनियम तयार झालेले असते. म्हणजे एक टन इंधन फोडले तर हाती साडेतीन-चार किलो प्लुटोनियम लागते. हे फोडणे हातोडीने होत नाही. जाड काँक्रीटच्या भिंतींमागे, यंत्राच्या हातांनी, इंधनाच्या कांड्या कापून नायट्रिक आम्लात विरघळवायच्या आणि रसायनांनी युरेनियम, प्लुटोनियम व राख वेगवेगळी करायची. यालाच पुनर्प्रक्रिया म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात हे काम फार जुने आहे. ट्रॉम्बेच्या प्लुटोनियम कारखान्याचे उद्घाटन जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. सत्तरच्या दशकात तारापूरला दुसरा कारखाना झाला. जानेवारी २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तारापूरलाच आणखी एक कारखाना राष्ट्राला अर्पण केला. ट्रॉम्बेच्या कारखान्यातून निघालेले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरले गेले, हे आता सर्वज्ञात आहे. त्या स्फोटाच्या यशाची वार्ता म्हणे बुद्ध हसल्याच्या सांकेतिक शब्दांत दिल्लीला कळवण्यात आली. करुणेच्या महासागराचे नाव बॉम्बला देणाऱ्यांच्या बुद्धीविषयी आम्ही वेगळे काय लिहावे? मुद्दा इतकाच की, पुनर्प्रक्रियेचा आरंभ विजेच्या हिशेबातून झालेला नव्हता. हिशेब मागून चिकटवला गेला.

तो हिशेब जगात काही लोकांनी मांडला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मॅथ्यू बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक किलो इंधनाच्या पुनर्प्रक्रियेला १,००० डॉलर खर्च येतो असे धरले, तर युरेनियमचा भाव किलोला ३६० डॉलरच्या वर गेल्याशिवाय पुनर्प्रक्रिया परवडत नाही, तोवर इंधन थेट पुरणेच स्वस्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या वेळी युरेनियमचा भाव होता किलोला ३५ ते ४० डॉलरच्या आसपास! पुढे २००७ च्या मध्यावर बाजारात भाव भडकला आणि किलोला ३५० डॉलरपर्यंत पोचला, पण तो काही महिन्यांचा खेळ होता. २०२४ च्या आरंभी पुन्हा मोठी उसळी आली, तरी तो त्या रेषेच्या खालीच राहिला. ती रेषाही २००३ च्या डॉलरमधली. आजच्या पैशात ती आणखी वर सरकलेली आहे.

हा झाला अमेरिकी भट्ट्यांचा हिशेब. आपला काय? एम. व्ही. रमणा आणि जे. वाय. सुचित्रा या अभ्यासकांनी २००७ मध्ये कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचा खर्च तपासला. अणुऊर्जा खात्याला अनुकूल अशी गृहीतके धरूनही तो एका किलो इंधनामागे सुमारे २६ हजार रुपये निघाला. आता वाचकांनी आमच्यासोबत साधा गुणाकार-भागाकार करावा. आपल्या जड पाण्याच्या भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून साधारण ४८ हजार युनिट वीज तयार होते. २६ हजार रुपयांना ४८ हजारांनी भागा. युनिटमागे ५० पैशांच्या वर खर्च फक्त राख फोडण्याचा! तोही २००७ च्या रुपयात. आणि त्या खर्चात हाती आलेल्या प्लुटोनियमचा भाव काढला, तर एका टनाला २ कोटी ६० लाख रुपये आणि त्यातून साडेतीन किलो माल, म्हणजे किलोला ७० लाखांच्या पुढे.

आपला हिशेब अमेरिकेपेक्षाही वाईट का येतो, हे भंगारवाल्याला सांगावे लागणार नाही. अमेरिकी भट्ट्यांतले समृद्ध इंधन एका किलोत कितीतरी जास्त वीज देते आणि जळून झाल्यावर त्यात प्लुटोनियमही सुमारे एक टक्का असते. आपली मोटार मोठी, फोडायची मजुरी तेवढीच आणि तांबे मात्र कमी.

यावर अणुऊर्जा खात्याचे उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. होमी भाभांनी १९५४ मध्येच तीन टप्प्यांचा आराखडा मांडला. भारतात युरेनियम थोडे आणि निकृष्ट, थोरियम मात्र विपुल. पहिल्या टप्प्यात युरेनियम जाळून प्लुटोनियम मिळवायचे, दुसऱ्या टप्प्यात ते फास्ट ब्रीडर भट्टीत घालून जाळल्यापेक्षा जास्त इंधन तयार करायचे आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियमकडे जायचे. या आराखड्यात जळालेले इंधन हा कचरा नाही, ते बियाणे आहे. बियाण्याचा भाव मोटारीतल्या तांब्यासारखा काढू नका, असे खाते म्हणते. शिवाय राखेतून सिझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या रक्ताचे विकिरण करण्यासारख्या वैद्यकीय कामाला वापरता येतात, हेही भाभा केंद्राने करून दाखवले आहे. आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही. हा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे.

परंतु बियाणे म्हणायचे तर पेरणी कधी, हे शेतकरी विचारणारच. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर भट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले. मूळ खर्च ३,४९२ कोटी रुपये आणि वीज २०१० मध्ये. खर्च वाढत वाढत आठ हजार कोटींच्या घरात गेला आणि भट्टीचा गाभा भरण्याचा आरंभ मार्च २०२४ मध्ये झाला. या एका भट्टीला पहिल्या भरणीसाठी सुमारे दोन टन प्लुटोनियम लागते, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे टन जळालेले इंधन फोडावे लागते. इतका खर्च आधी करून ठेवायचा आणि पेरणी चौदा-पंधरा वर्षे लांबायची! सावकाराचे व्याज भरलेल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मृगाच्या आशेवर उसनवारी करून आणलेले बियाणे घरातच पडून राहिले तर काय होते, ते मराठवाड्याने दर दुष्काळात पाहिले आहे.

दुसरे असे की, युरेनियम मिळतच नाही ही परिस्थितीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २००७-०८ मध्ये इंधनाच्या तुटवड्याने आपल्या भट्ट्या अर्ध्यामुर्ध्या ताकदीवर चालत होत्या, हे खरे. पण २००८ च्या अणुकरारानंतर रशिया, कझाकस्तान आणि कॅनडा यांच्याकडून युरेनियम येऊ लागले. कारण बदलले, तर धोरण पुन्हा तपासून पाहायला नको का?

बाहेरच्या जगात काय चालले आहे? ब्रिटनने सेलाफिल्डचा थॉर्प कारखाना २०१८ मध्ये बंद केला आणि २०२२ मध्ये तिथली उरलेली पुनर्प्रक्रियाही संपवली. जपानने रोक्काशोचा कारखाना १९९३ मध्ये बांधायला घेतला. तो १९९७ ला पूर्ण व्हायचा होता आणि २०२४ मध्येही त्याची तारीख पुन्हा पुढेच ढकलली गेली. फ्रान्स मात्र अजून पुनर्प्रक्रिया करतो. फिनलंड आणि स्वीडन यांनी थेट पुरण्याचा मार्ग धरला आहे. फिनलंडमध्ये चारशे मीटरहून खोल खडकात त्यासाठी भुयारे तयार झाली आहेत. अमेरिकेत पुनर्प्रक्रिया १९७७ मध्येच थांबली, पण पुरायची जागाही अजून ठरलेली नाही. नेवाडातल्या युक्का डोंगराची योजना कोट्यवधी डॉलर खर्चून गुंडाळली गेली.

म्हणजे पुरणेही सोपे नाही. त्यासाठी हजारो वर्षे हलणार नाही असा खडक लागतो आणि वर राहणाऱ्या माणसांची संमती लागते. खडकाविषयी लातूरकरांशी कोणी बोलू नये! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हलली, तेव्हा सरकारी नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. पुढे नकाशातला तो पट्टाच काढून टाकण्यात आला. संमतीचे म्हणाल, तर २०१२ मध्ये कर्नाटकातील कोलारच्या बंद सोन्याच्या खाणीत अणुकचरा ठेवणार अशी नुसती बातमी आली आणि गावे रस्त्यावर उतरली. सरकारला खुलासा करावा लागला.

पण इथे एक गोष्ट लपवली जाते. पुनर्प्रक्रिया केली म्हणून पुरणे टळत नाही. प्लुटोनियम काढून उरलेली राख काचेत ओतून पोलादी डब्यांत भरावी लागते, तारापूरला ते डबे थंड करत सांभाळावे लागतात आणि शेवटी त्यांनाही खडकच शोधावा लागतो. आकारमान कमी होते, हे मान्य. परंतु फोडण्याचा खर्च वेगळा आणि पुरण्याचा वेगळा, असे दोन्ही खर्च त्या मार्गावर आहेत. त्याऐवजी जळालेले इंधन काही वर्षे पाण्यात आणि नंतर काँक्रीटच्या कोरड्या पेट्यांत पन्नास वर्षे ठेवता येते. खर्च त्या मानाने किरकोळ असतो. ब्रीडर भट्टी खरोखर तयार होईल तेव्हा लागेल तेवढेच फोडावे, बाकीचे पेटीत राहू द्यावे, हा आमच्या मते शहाणपणाचा मध्यम मार्ग आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे इंधन तसे दशकानुदशके पडूनच आहे, कारण अमेरिकेने त्याच्या पुनर्प्रक्रियेला संमती दिली नाही. त्यावाचून देशाची वीज काही बंद पडली नाही.

पैशाच्या हिशेबात न येणारा एक खर्च असतो, तो माणसांचा. कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात जानेवारी २००३ मध्ये सहा कामगारांना मर्यादेपेक्षा खूप जास्त किरणोत्सर्गाला सामोरे जावे लागले. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे भांडण न्यायालयापर्यंत गेले. या कारखान्यांत पुसण्या-धुण्याचे, गाळ काढण्याचे काम कंत्राटी माणसे किती करतात आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींची किती? ज्या देशात गटार कोणी साफ करायचे हे जातीने ठरते, त्या देशात हा प्रश्न विचारण्यासाठी आम्ही कोणाची परवानगी घेणार नाही.

आता हे सगळे आजच का लिहावे लागले, ते सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती या गोंडस नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अपघाताच्या भरपाईचा २०१० चा कायदा, दोन्ही त्याने निकालात काढले. अणुभट्टी बांधायला आणि चालवायला खासगी कंपन्यांना दार उघडले. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवलेले आहे, भांडवलदारांच्या तोंडाला पाणी सुटणारच. परंतु त्याच कायद्यात जळालेल्या इंधनाचे व्यवस्थापन, पुनर्प्रक्रिया आणि अतिकिरणोत्सर्गी कचरा ही कामे केंद्र सरकारकडे राखून ठेवली आहेत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. असला माल खासगी हातात नकोच. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होऊ शकतो की, वीज विकून नफा कंपनी घेणार आणि राख मात्र सरकारच्या, म्हणजे काडीपेटीवरही कर भरणाऱ्या मजुराच्या अंगणात टाकणार.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. इथे मालकी कंपनीची आणि उष्टे राज्याचे, असा उलटा न्याय होऊ पाहतो आहे.

आजवर काय होत होते? अणुविजेच्या दरात भट्टी पुढे मोडीत काढण्यासाठी युनिटमागे २ पैसे घेतले जातात. पुनर्प्रक्रियेचा खर्च अणुऊर्जा खात्याच्या अर्थसंकल्पातून जातो. अमेरिकेत जळालेल्या इंधनाच्या विल्हेवाटीसाठी कंपन्यांकडून युनिटमागे एक दशांश सेंट वसूल केला जात होता. सरकारने पुरायची जागा दिली नाही, म्हणून २०१४ मध्ये ती वसुली थांबवावी लागली आणि कंपन्यांनी सरकारलाच न्यायालयात खेचून भरपाई घेतली. आपल्याकडे उद्या असेच घडले तर? ज्यांच्या गायरान जमिनीचा सातबारा अजून नावावर नाही आणि म्हणून शेतीपंपाची जोडणीही मिळत नाही, त्यांनी कंपनीच्या राखेची भरपाई करायची का?

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. या अधिकाऱ्याने २०१२ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभारावर ताशेरे ओढले आणि २०१४ मध्ये फास्ट ब्रीडर प्रकल्पाच्या खरेदीची झडती घेतली. पुनर्प्रक्रियेचा प्रतिकिलो खर्च त्याच्याच हातून बाहेर यायला हवा. त्यात बॉम्बचे गुपित फुटत नाही.

लातूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. नांदेडमध्येही आमच्या मतांशिवाय कोणाचे पान हलत नाही. दोन्ही ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या खासदाराला गाठावे. मोर्चा नको, निवेदनाचा कागद पुरे. त्यांना एक अतारांकित प्रश्न विचारायला सांगावे, त्याचे लेखी उत्तर खात्याला द्यावेच लागते. प्रश्नाचा मसुदा आम्ही इथे देतो, तो तसाच उतरवून घेतला तरी चालेल: "तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम येथे जळालेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेवर गेल्या दहा वर्षांत प्रतिवर्षी किती खर्च झाला, प्रतिकिलो तो किती पडतो, थेट विल्हेवाटीशी त्याची तुलना शासनाने केली आहे काय, आणि नव्या कायद्याखाली खासगी कंपनी आपल्या जळालेल्या इंधनापोटी सरकारकडे युनिटमागे किती पैसे भरणार आहे?"